आयर्लंडच्या काउंटी कौन्सिलला मत कसं द्यायचं: नाव नोंदवण्यापासून शेवटच्या पसंतीपर्यंत

"आपला पासपोर्ट अजून भारताचाच आहे, मग आपल्याला इथे कसलं मत?" डब्लिनच्या पश्चिम उपनगरात, ओंगरमध्ये राहायला आल्यापासून हे वाक्य मी इतक्या मराठी घरांमध्ये ऐकलंय की शेवटी सगळं एका जागी लिहून काढायचं ठरवलं. कारण हे वाक्य चुकीचं आहे. आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही. तुम्ही इथले नेहमीचे रहिवासी आहात, मतदानाच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण आहेत आणि नाव मतदारयादीत आहे, एवढं पुरतं. व्हिसा कुठल्या प्रकारचा, नोकरी कुठे, घर स्वतःचं की भाड्याचं, याचा काही संबंध नाही. एवढंच नाही, तर नागरिक नसलेला रहिवासी इथे कौन्सिलच्या निवडणुकीला उभाही राहू शकतो.

संसदेच्या, म्हणजे डॉलच्या निवडणुकीत मात्र आपल्याला मत नाही. ते आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे. युरोपियन पार्लमेंटसाठी युरोपियन युनियनचं नागरिकत्व लागतं. राष्ट्राध्यक्षांची निवडणूक आणि सार्वमत फक्त आयरिश नागरिकांचं. लिमरिक सोडलं तर भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांच्या हातात एकच मतपत्रिका येते, ती कौन्सिलची. पाच वर्षांतून एकदा. मागची निवडणूक ७ जून २०२४ ला झाली, पुढची २०२९ मध्ये. मधे भरपूर वेळ आहे, आणि म्हणूनच हे आत्ता वाचा; ऐन वेळी काय होतं ते पुढे सांगतो.

कौन्सिल म्हणजे नक्की काय

देशात एकूण ३१ स्थानिक संस्था आहेत: २६ काउंटी कौन्सिल, डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे या तीन शहरांच्या सिटी कौन्सिल, आणि लिमरिक व वॉटरफर्ड इथे शहर-काउंटी मिळून एकेक. सगळे कौन्सिलर धरून ९४९. आपल्याकडची जवळची तुलना करायची तर जिल्हा परिषद, पण ती अर्धीच जुळते. जिल्हा परिषद शाळा चालवते, प्राथमिक आरोग्य केंद्रं चालवते. इथल्या कौन्सिलकडे शाळा नाहीत, दवाखाने नाहीत आणि पोलीसही नाहीत. तिच्याकडे आहे ती सामाजिक घरबांधणी, बांधकाम परवानग्या, स्थानिक रस्ते आणि फुटपाथ, वाचनालयं, बागा आणि मैदानं, अग्निशमन दल, दफनभूमी. घरावरचा स्थानिक मालमत्ता कर ठरलेल्या मर्यादेत कमी-जास्त करणंही कौन्सिलर ठरवतात.

एक साम्य मात्र अगदी घरचं वाटेल. जिल्हा परिषदेत जसा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो, तसाच इथे चीफ एक्झिक्युटिव्ह असतो, आणि रोजचा कारभार तोच पाहतो. कौन्सिलरांच्या हातात वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करणं, विकास आराखडा ठरवणं, स्थानिक नियम करणं अशी ठरावीक कामं राहतात. तुमच्या शेजाऱ्याला घरामागे खोली वाढवायला परवानगी द्यायची की नाही, हे कौन्सिलर ठरवत नाही. पण तुमच्या वस्तीमागच्या मोकळ्या जमिनीवर घरं येणार, शाळेसाठी जागा राखली जाणार की ते हिरवं मैदानच राहणार, हे ज्या आराखड्यात लिहिलेलं असतं, त्यावर हात वर करणारा कौन्सिलरच असतो. ज्यांची मुलं शनिवारी क्रिकेटला जागा शोधत फिरतात, त्यांना या आराखड्याचं मोल सांगायला नको.

महापौर किंवा अध्यक्ष दरवर्षी कौन्सिलरच आपल्यातून निवडतात. लिमरिकचा तेवढा अपवाद: तिथे २०२४ मध्ये पहिल्यांदा थेट लोकांनी महापौर निवडला.

पायरी पहिली: यादीत नाव

२०१९ मध्ये मी संध्याकाळी ऑफिसमधून थेट मतदान केंद्रावर गेलो. माझ्याकडे पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठीचा वैयक्तिक क्रमांक) होता, रहिवासी परवान्याचं कार्ड होतं, कर नियमित भरत होतो. म्हणजे नाव यादीत असणारच, असं मी धरून चाललो होतो. टेबलामागच्या बाईंनी पट्टी सरकवत आमच्या गल्लीचं पान दोनदा तपासलं. नाव नव्हतं. त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली, पण त्या दिवशी त्यांच्या हातात काहीच नव्हतं. चूक माझीच होती, कारण इथे नाव आपोआप चढत नाही. कर खातं, इमिग्रेशन आणि मतदारयादी ही तीन वेगळी दप्तरं आहेत.

नोंदणी करायला पाच मिनिटं लागतात. 'चेक द रजिस्टर' या सरकारी संकेतस्थळावर जा. पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (इथला पिनकोड) हाताशी ठेवा. आधी आपलं नाव आहे का ते तपासा; नसेल तर तिथेच अर्ज भरा. नागरिकत्व कुठलं, हे विचारतात. तिथे खरं ते, म्हणजे भारतीय, लिहा. काहीजण या रकान्याला घाबरून अर्ज अर्धवट सोडतात. घाबरायचं कारण नाही: तुम्हाला कुठल्या निवडणुकीची मतपत्रिका द्यायची, एवढंच त्यावरून ठरतं. आपल्यासारख्यांच्या नावापुढे यादीत 'एल' हे अक्षर येतं, म्हणजे फक्त लोकल. पीपीएस नंबर नसेल तर कागदी अर्ज भरून, ओळखपत्र घेऊन जवळच्या गार्डा (पोलीस) स्टेशनात सही-शिक्का करून घ्यावा लागतो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. घर बदललं की लगेच पत्ता बदला. भाड्याच्या घरांत राहणाऱ्या आपल्या लोकांचं मत बहुतेक वेळा इथेच निसटतं. दुसरी, नोंदणीची मुदत मतदानाच्या बऱ्याच आधी संपते: २०२४ मध्ये मतदान ७ जूनला होतं आणि शेवटची तारीख २० मे. तिसरी, घरात १६-१७ वर्षांचं मूल असेल तर त्याचंही नाव आत्ताच देता येतं; ते प्रतीक्षायादीत राहतं आणि १८ पूर्ण झाली की मुख्य यादीत जातं.

पोस्टाने मत द्यायची सोय सगळ्यांना नाही. आजारपण किंवा अपंगत्व, कामामुळे किंवा शिक्षणासाठी घरापासून लांब असणं, अशी ठरावीक कारणं लागतात. जूनमध्ये मुलांना घेऊन भारतात जायची तिकिटं काढली आहेत, हे कारण चालत नाही. २०२९ ची तारीख जाहीर झाली की ती बघून मगच तिकिटं काढा.

पायरी दुसरी: आपला विभाग आणि उमेदवार

प्रत्येक काउंटी छोट्या निवडणूक विभागांत वाटलेली असते. एका विभागातून ३ ते ७ कौन्सिलर निवडले जातात. आमच्या फिंगल काउंटी कौन्सिलचे ४० सदस्य सात विभागांतून येतात: कासलनॉकमधून ६, ओंगरमधून ५, शेजारच्या ब्लँचर्ड्सटाउन-मल्हुडर्टमधून ५. तुमचं घर कुठल्या विभागात आहे हे नीट तपासा, कारण रस्त्याच्या या बाजूला एक विभाग आणि त्या बाजूला दुसरा, असंही असतं.

मतदानाच्या आधी महिनाभर दिव्यांच्या खांबांवर उमेदवारांचे फलक लागतात आणि मतदान झाल्यावर सात दिवसांत काढावे लागतात. फलकावर चेहऱ्याखेरीज फारसं काही नसतं. खरी माहिती दारात मिळते. उमेदवार स्वतः घरोघर फिरतात, बेल वाजवतात आणि दोन मिनिटं उभे राहतात. तेव्हा "आमचं मत नाही" म्हणून दार लावू नका. आपण यादीत आहोत हे सांगा, आणि त्यांच्या अधिकारातला प्रश्न विचारा. "आमच्या वस्तीच्या तोंडाशी वेग कमी करायला उंचवटे कधी होणार? मागच्या वेळी विकास आराखड्यातल्या आमच्या मैदानाबद्दल तुम्ही कुठल्या बाजूने मत दिलं? घरपट्टी कमी करायची म्हणता, मग वाचनालयाचा खर्च कुठून?" असे प्रश्न ऐकले की उमेदवार वही काढून पत्ता लिहून घेतो. दवाखान्यातल्या रांगांबद्दल विचारलंत तर तो गोड बोलून पुढे जाईल, कारण ते काम त्याचं नाहीच.

पायरी तिसरी: मतदानाचा दिवस

काही दिवस आधी पोस्टाने पोलिंग कार्ड येतं. त्यावर केंद्र आणि यादीतला क्रमांक असतो. कार्ड हरवलं तरी मत देता येतं, पण ओळखपत्र सोबत ठेवा: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पब्लिक सर्व्हिसेस कार्ड. २०२४ मध्ये केंद्रं सकाळी ७ ते रात्री १० उघडी होती. केंद्र बहुधा जवळची प्राथमिक शाळा असते. भिंतींवर मुलांची चित्रं, मधे टेबलं, आणि आडोशाच्या फळीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. बोटाला शाई लावत नाहीत.

२०२४ ला माझ्या पुढच्या माणसाला दोन मतपत्रिका मिळाल्या, युरोपियन पार्लमेंटची आणि कौन्सिलची. मला एक. अधिकाऱ्याने तिच्यावर शिक्का मारून माझ्यासमोर ठेवली. शिक्का मारलेला आहे ना, हे तुम्हीही बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मतपत्रिकेवर आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने नावं असतात, सोबत पक्ष आणि फोटो. तिथे फुली मारायची नाही आणि बरोबरची खूण करायची नाही. आकडे लिहायचे. जो सगळ्यात जास्त आवडतो त्याच्यापुढे एक, त्यानंतरच्यापुढे दोन, मग तीन, अशी आपली पसंती उतरत्या क्रमाने. आकडे इंग्रजीच काढा. आपला देवनागरी एक इथल्या मोजणाऱ्याला सरळ नऊ दिसतो. माझ्या सासूबाई हिशेबाच्या वहीत आयुष्यभर देवनागरी आकडे लिहीत आल्या. त्यांचं नाव यादीत चढलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर कोऱ्या कागदावर चारदा सराव केला.

एकच आकडा दोघांपुढे लिहू नका, मधला आकडा गाळू नका. कागदावर आपलं नाव, सही किंवा कुणाची ओळख पटेल असं काही लिहू नका, नाहीतर मत बाद होतं. चूक झाली तर पेटीत टाकण्याआधी कागद परत द्या, नवीन मिळतो. आत मतपत्रिकेचा फोटो काढायचा नाही.

पसंतीक्रम आपल्याला नवा नाही

पुण्यासारख्या महापालिकेत एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे तर आपण चार जागांची चार मतं देतो. इथे पाच जागा असल्या तरी मत एकच असतं. फक्त ते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे सरकू शकतं. ज्यांनी पदवीधर मतदारसंघात मत दिलंय त्यांना ही रीत माहीत आहे. विधान परिषद आणि राज्यसभेच्या बातम्यांतले 'कोटा' (निवडून यायला लागणारा मतांचा आकडा) आणि 'दुसऱ्या पसंतीची मतं' हे शब्द याच पद्धतीचे. जून २०२२ ची राज्यसभेची निवडणूक आठवा: सहाव्या जागेसाठी संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती आणि धनंजय महाडिकांना २७. तरी महाडिक निवडून आले, कारण पियुष गोयल आणि अनिल बोंडे यांची कोट्यावरची मतं दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळली. इथे ओंगरमध्ये शाळेच्या वर्गात पेन्सिलीने आकडे लिहितो तेव्हा आपण तेच करत असतो.

आता आकड्यांत बघू. समजा ३ जागा आहेत आणि वैध मतं ८,०००. कोटा काढायचा तर मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने भागायचं आणि एक मिळवायचा: ८,००० भागिले ४, अधिक १, म्हणजे २,००१. उमेदवार पाच. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: अ २,६०१, ब १,९००, क १,५००, ड १,१९९ आणि इ ८००.

अ पहिल्याच फेरीत निवडून आला. त्याची ६०० मतं कोट्यावर आहेत. ती वाया जात नाहीत. अ च्या सगळ्या २,६०१ मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वेगळ्या केल्या जातात. समजा २०१ जणांनी फक्त एक लिहून थांबवलंय. उरल्या २,४००: ब ला ८००, क ला ४००, ड ला १,०००, इ ला २००. सरकवायची आहेत ६००, म्हणजे प्रत्येक गठ्ठ्याचा चौथा हिस्सा. ब ला २०० मिळून तो २,१०० वर गेला आणि निवडून आला. क १,६००, ड १,४४९, इ ८५०.

राज्यसभेत मताची किंमत अपूर्णांकात मोजतात. इथे खरोखरच्या मतपत्रिका एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात जातात, म्हणून मोजणीआधी सगळ्या नीट मिसळून घेतात. आणि पहिल्या फेरीनंतर कोणी कोटा ओलांडला, तर त्याच्याकडे शेवटी आलेला गठ्ठाच तपासतात, सगळी मतं नाहीत.

ब ची जास्तीची मतं फक्त ९९. त्यांनी क कोट्याला पोहोचत नाही आणि इ चा शेवटचा क्रमही बदलत नाही, म्हणून ती तूर्त बाजूला राहतात. सगळ्यात खालचा इ बाद होतो आणि त्याच्या ८५० मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघतात. समजा २०० क कडे गेल्या, ५०० ड कडे, आणि १५० वर पुढे कुणाचंच नाव नाही. क १,८००, ड १,९४९. ब ची ९९ सगळी क ला दिली तरी १,८९९. ड निवडून आला, कोटा न गाठताच. पहिल्या फेरीत तो क च्या ३०१ मतं मागे होता.

आता त्या १५० मतपत्रिकांकडे बघा. त्यांतल्या सगळ्यांनी पुढे क चं नाव लिहिलं असतं तर क १,९५० आणि ड १,९४९ असं झालं असतं, आणि निकाल ब च्या बाजूला ठेवलेल्या ९९ मतांवर गेला असता. त्या १५० लोकांनी मत दिलं होतं, रांगेत उभे राहिले होते, पण शेवटच्या जागेचा निर्णय त्यांच्याशिवाय झाला.

म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं: एक लिहून थांबू नका. खालपर्यंत आकडे लिहा. दुसरी पसंती लिहिली म्हणून पहिल्याला तोटा होत नाही. पहिला निवडून आला किंवा बाद झाला, तरच तुमचा कागद दुसऱ्याकडे जातो. जो अजिबात नको त्याला शेवटचा आकडा द्या किंवा कोरा सोडा, पण जे चालतील त्या सगळ्यांचा क्रम लावा.

२०२४ ला एका ओळखीच्या स्वयंसेवकामुळे मला मोजणीच्या हॉलमध्ये जायचा पास मिळाला. पेट्या उघडून मतपत्रिका टेबलांवर पसरतात, आणि कठड्याच्या अलीकडे सगळ्या पक्षांची माणसं वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक कागदावरचा एक कुणापुढे आहे ते टिपत असतात. या नोंदीला टॅली म्हणतात, आणि अधिकृत पहिल्या फेरीच्या कितीतरी आधी त्यावरून अंदाज बांधले जातात. शेजारचे एक वयस्क गृहस्थ मला गठ्ठे दाखवत म्हणाले, "वरच्या मतांकडे नको, खालच्यांकडे बघ." तिथून एका कागदावर आकडे शेवटच्या नावापर्यंत गेलेले दिसत होते. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ होती, आपल्यातले बरेच जण मारतात तशी.

जागा मधेच रिकामी झाली तर

पोटनिवडणूक होत नाही. ज्या पक्षाची जागा असते तो नाव सुचवतो आणि कौन्सिल त्याला सामावून घेते. लिओ वराडकर असेच २००३ मध्ये फिंगल कौन्सिलवर आले. १९९९ ला ते हरले होते. २००४ मध्ये ते कासलनॉकमधून निवडणुकीला उभे राहिले आणि पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं घेतली, त्या वर्षी देशभरातली सर्वांत जास्त. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. तेरा वर्षांनी, २०१७ मध्ये, ते पंतप्रधान झाले. सुरुवात आपल्याच कौन्सिलमध्ये, याच पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेवर झाली होती.

आणि ज्यांचं आयरिश नागरिकत्व मिळायच्या बेतात आहे त्यांच्यासाठी: शपथविधी झाला, प्रमाणपत्र हातात आलं, की त्याच संकेतस्थळावर जाऊन यादीतलं नागरिकत्व बदला. तेही आपोआप होत नाही. ते बदलेपर्यंत नावापुढचा 'एल' तसाच राहतो, आणि डॉलच्या निवडणुकीला गेलात तर टेबलामागून तुम्हाला मतपत्रिका मिळणार नाही.